हल्ल्याच्या पवित्र्यात

संग्रहालयाच्या तळघरात एकतीस वर्षं मेलेल्या जनावरांत पेंढा भरण्यात घालवल्यावर लोक माणसाला दुसरं काय म्हणणार? पेंढेवाले. बायको होती तोवर तीसुद्धा दारात आलेल्याला "पेंढेवाले आंघोळीला गेलेत, बसा" असंच सांगायची. खरं तर पेंढा त्यांनी उभ्या आयुष्यात वापरला नव्हता. लाकडाचा कीस, तार, गोणपाट, प्लास्टर आणि शेवटी मेण, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. पण हे समजावून सांगायला जावं तर ऐकणारा दुसरीकडे बघायला लागायचा, म्हणून त्यांनी तो नाद सोडून दिला होता. लोकांना जे वाटतंय ते वाटू द्यावं, ही सवय त्यांना अशी लागली. पुढे ती महागात पडली, आणि पडली ती दुसऱ्याच माणसाला.

संग्रहालयात जिना चढून गेलं की मोठ्या दालनात अगदी समोर त्यांचं अस्वल उभं होतं. मागच्या दोन पायांवर, पंजे उगारून, जबडा वासून. खाली पितळी पाटी: 'चवताळलेलं अस्वल, हल्ल्याच्या पवित्र्यात.' त्याचे ओठ मागे खेचून सगळे दात दिसावेत म्हणून पेंढेवाले चार दिवस खपले होते. जीभ मेणाची, सात वेळा रंगवलेली. डोळ्यांसाठी काचेच्या गोळ्यांचा अख्खा खण पालथा घातला होता. जिना चढून येणारा माणूस एक पाऊल मागे जायचाच. मग आपण मागे गेलो म्हणून स्वतःशीच हसायचा. पेंढेवाल्यांनी हे खांबाआड उभं राहून किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही.

अडचण एकच होती. अस्वल खोटं होतं.

हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्या वनरक्षकानं ते मेलेलं अस्वल ट्रकमधून आणलं, तो तळघरात हात धुवायला आला असता त्याला टेबलावरचा मातीचा छोटा नमुना दिसला आणि तो हसायलाच लागला. "असं कुठं असतं हो?" तो म्हणाला. "उभं राहिलं म्हणजे ते नुसतं बघतंय. कोण आलं, काय आलं, वास घेतंय. अंगावर यायचं असलं की ते मान खाली घालतं, कान मागं टाकतं आणि गपचिप येतं. तोंड वासत बसायला त्याला वेळ कुठाय?"

पेंढेवाले तसेच वर साहेबांकडे गेले. अस्वल चार पायांवर, मान खाली घातलेलं करू म्हणाले. साहेबांनी कागदावरून डोकंही वर केलं नाही. "चार पायांवर केलंत तर लोक म्हैस समजून पुढे जातील. जिना चढला की माणूस दचकला पाहिजे. मला दचकणारी माणसं हवीत, पेंढेवाले." नोकरी कच्ची होती, घरात सहा महिन्यांची मुलगी होती. ते खाली आले आणि त्यांनी अस्वल उभं केलं. त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम ठरलं, हीच तर पंचाईत झाली. वर्तमानपत्रात फोटो आला, नोकरी पक्की झाली, आणि वनरक्षकाचं बोलणं त्यांनी जे पोटात ठेवलं ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

आता त्यांचा जावई. हा शाळामास्तर, वय अडतीस, तोंडाचा पट्टा सकाळी उठल्यापासून चालू. वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या सहलीत त्यानं ते अस्वल पाहिलं आणि तिथल्या तिथे चड्डी ओली केली. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, लाजबीज काही नाही. मोठा होऊन त्याच शाळेत लागला आणि दर वर्षी पाचवीचा वर्ग घेऊन अस्वलासमोर उभा राहायला लागला. शाळेच्या कचेरीत काम करणारी मुलगी त्या अस्वलवाल्यांची, हे कळल्यावर तर त्याला आकाश ठेंगणं झालं. लग्नाचं विचारायला घरी आला तेव्हा त्यानं आधी पेंढेवाल्यांचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. हा मुलीला मागणी घालायला आलाय की मला, असा पेंढेवाल्यांना प्रश्न पडला होता.

बायको गेली, नोकरी संपली, आणि पेंढेवाले घरात खिडकीशी बसून राहायला लागले. तेव्हा मास्तरनं ती डोंगरवाट काढली. बावीस दिवसांची, एका खोऱ्यातून चढून पाच खिंडी ओलांडून दुसऱ्या टोकाला उतरणारी. दर मुक्कामाला निवारा, दगडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे, चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही अशी. मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "तुम्ही दोघंच जा," ती म्हणाली. "बाबा, हा बोलेल आणि तुम्ही ऐकाल. मलाही घरात जरा शांतता मिळेल."

पहिले चार दिवस पेंढेवाल्यांनी जावयाला मनातल्या मनात सतराशे साठ शिव्या घातल्या. चढावर स्वतःला श्वास पुरेना आणि हा पुढे चालत ढगांचे प्रकार सांगतोय. पाचव्या दिवशी त्यांच्या टाचेला फोड आला. मास्तरनं खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला, सुई तापवून फोड फोडला, पट्टी बांधली आणि त्यांच्या पिशवीतलं निम्मं ओझं न विचारता स्वतःच्या पिशवीत टाकलं. एवढा वेळ तो चक्क गप्प होता. त्यानंतर पेंढेवाल्यांना त्याच्या बडबडीचा त्रास जरा कमी व्हायला लागला.

आणि जनावरं दिसायला लागली. सहाव्या दिवशी कड्यावर रानबकऱ्यांचा कळप दिसला. पेंढेवाले दगडावर बसले ते अर्धा तास उठेचनात. एकतीस वर्षांत त्यांनी चालती रानबकरी नीट पाहिलीच नव्हती. त्यांच्याकडे येईतो ती चालायची थांबलेली असायची.

"मास्तर, खांदा बघा तिचा," ते म्हणाले. "पाय उचलताना खांदा आधी वर जातो. मी सत्तावीस बकऱ्या चुकीच्या खांद्यावर उभ्या केल्यात."

"कोणाला कळतंय, बाबा," मास्तर हसून म्हणाला.

"मला कळतंय ना आता."

मास्तरनं ते वहीत लिहून घेतलं. वर्गात सांगायला तो सगळंच लिहून घ्यायचा. त्याच क्षणी अस्वलाचंही सांगून टाकावं असं पेंढेवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. पण बकरीची चूक कबूल करणं वेगळं आणि अस्वलाची वेगळी. ते उठले आणि चालायला लागले.

आठव्या मुक्कामाचा निवारा एक पन्नाशीची बाई सांभाळायची. एकच लांब खोली, दोन्ही भिंतींना लाकडी फळ्यांचे बिछाने, मध्ये चूल, चुलीवर दोरीला टांगलेले सगळ्यांचे मोजे. संध्याकाळी दहाबारा वाटसरू टेबलाभोवती सूप घेऊन बसले असताना बाईनं नेहमीची सूचना दिली.

"उद्यापासून दोन दिवस अस्वलांचा पट्टा आहे. झुडपांना फळं लागलीत, त्यामुळे ती वाटेवरच असतात. दिसलं तर पळायचं नाही. हळू आवाजात बोलत मागं मागं सरकायचं. ते आपल्या वाटेनं जातं."

"चार पायांवर असेल तर ठीक," मास्तर म्हणाला. मास्तर तो, गप्प कसा बसेल. "पण उभं राहिलं म्हणजे हल्लाच. मग मागं सरकून काय उपयोग? मग एकानं आरडाओरडा करून त्याला आपल्या मागं लावायचं, म्हणजे बाकीचे सुटतात. मी मुलांना हेच शिकवतो."

बाईच्या कपाळाला आठी पडली. "असं मी कधी ऐकलं नाही."

"यांना विचारा की. संग्रहालयातलं ते उभं अस्वल यांनीच केलंय. माझे सासरे."

मग काय विचारता. सगळी खोली वळली. एकानं उठून हात मिळवला. एक जण म्हणाला, लहानपणी त्या अस्वलामुळे महिनाभर झोप नव्हती. कोणीतरी आपल्या वाटणीचा पाव त्यांच्या ताटात ठेवला. बायको गेल्यापासून पेंढेवाल्यांकडे एवढ्या माणसांनी एकदम पाहिलं नव्हतं. चुलीची ऊब, समोर सूप, आणि जावयाच्या तोंडावर नवव्या वर्षीचाच तो भाव. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो तो असा, कोणाला फार जोर लावावा लागत नाही.

"खरं का हो?" बाईनं विचारलं. "उभं राहिलं म्हणजे हल्ला?"

पेंढेवाल्यांनी मान हलवली. तोंडानं काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. उद्या चालताना मास्तरला एकट्याला सगळं सांगू, असं त्यांनी त्याच वेळी ठरवलंही. चारचौघांत कशाला शोभा करून घ्यायची, असा विचार.

दुसरा दिवस सगळा चढाचा होता, बोलायला दम उरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाट जरा सपाट झाली तेव्हा त्यांनी सुरुवात केली. "मास्तर, त्या अस्वलाचं एक सांगायचं राहिलंय."

"सांगा की."

पण तेवढ्यात ओढा आला. पाणी खळाळत होतं, दगड निसरडे होते. मास्तरनं आधी पिशव्या पलीकडे नेल्या, मग परत येऊन त्यांचा हात धरून त्यांना नेलं. पलीकडे गेल्यावर त्यानं विचारलं, "काय सांगत होतात?"

"संध्याकाळी सांगतो," पेंढेवाले म्हणाले. "निवांत बसून सांगण्यासारखं आहे."

त्यानंतर पाऊण तासानं अस्वल दिसलं.

वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जात होती. वरच्या अंगाला झुडपं, खालच्या अंगाला गवताचा उतार आणि उतार संपतो तिथे घळ. एका मोठ्या दगडाला वळसा घातला तर तीसचाळीस पावलांवर झुडपात ते चरत होतं. यांची चाहूल लागली तशी त्यानं डोकं वर केलं आणि ते मागच्या पायांवर उभं राहिलं.

पेंढेवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा जिवंत अस्वल पाहिलं. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्यांनी पाहिलं ते असं: पंजे उगारलेले नव्हते. धुतलेले हात वाळायला धरावेत तसे छातीशी सैल लोंबत होते. तोंड मिटलेलं. नाक तेवढं हलत होतं. वनरक्षक अक्षर न् अक्षर खरं बोलला होता. आपण चार दिवस खपून ओठ मागे ओढले ते कशासाठी, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते त्याच्या खांद्यांकडे बघत राहिले. कारागीर बघतो तसे. तीन सेकंद, फार तर चार. त्या चार सेकंदांचा हिशोब त्यांना पुढे कधीच लागला नाही.

मास्तरनं त्या चार सेकंदांत दुसरंच पाहिलं. नवव्या वर्षापासून जे पाहत आला होता तेच.

"बाबा, दगडामागं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता, वर्गात पोरांना रांगेत लावताना असतो तसा. त्यानं त्यांना दोन्ही हातांनी दगडामागे ढकललं, पाठीवरची पिशवी खाली टाकली, आणि हात हवेत फेकत, आरडाओरडा करत तो उतारावरून धावत सुटला. अस्वलाला आपल्या मागे लावायला. म्हातारा सुटावा म्हणून.

"मास्तर, थांबा," पेंढेवाले ओरडले. "ते काही करत नाही." पण मास्तर स्वतःच इतका मोठ्यानं ओरडत होता की त्याला ऐकू जाणार कसं.

मग अस्वल खाली आलं. चार पायांवर. मान खाली, कान मागे, आणि आवाज काही नाही. पंधरावीस पावलं ते धावलं आणि थांबलं. नुसता हुसकावण्याचा धाक घातला आणि थांबलं. मास्तरनं धावता धावता वळून पाहिलं, पण ते थांबलंय हे त्याला दिसलं की नाही कोणास ठाऊक. गवत ओलं होतं. त्याचा पाय सटकला, तो एकदा हातांवर सावरला, आणि मग उतार संपला. ओरडणं मध्येच बंद झालं.

अस्वलानं थोडा वेळ तिकडे पाहिलं, मग ते झाडांत निघून गेलं. त्यानं मास्तरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

पेंढेवाले बसत, सरकत कडेपर्यंत गेले. खाली दगडांत त्यांना मास्तरचा एक हात आणि पाठ दिसली. त्यांनी हाका मारल्या. मास्तर म्हणून मारल्या, नावानं मारल्या, शेवटी 'बाळा' म्हणूनही मारली, जी आयुष्यात कधी मारली नव्हती. मग मागच्या निवाऱ्याच्या वाटेला लागले. मधला ओढा त्यांनी बसून, रांगत ओलांडला.

दोर घेऊन माणसं घळीत उतरली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठव्या निवाऱ्याची बाईही आली होती. तिनं त्यांच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि विचारलं, "उभं राहिलं होतं का?"

"हो," ते म्हणाले.

तिनं समजल्यासारखी मान हलवली. उभं राहिलं म्हणजे हल्ला, हे तीही आता खरं धरून चालली, हे त्यांना दिसलं, आणि तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

गावात बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. अस्वलाच्या तोंडातून सासऱ्याला सोडवताना जावयानं जीव दिला, असं छापून आलं. मुलगी काठी टेकत दारात उभी होती. ती रडली नाही. त्यांना आत नेऊन बसवलं, बूट काढले, टाचेवरची मास्तरनं बांधलेली पट्टी बघून तिथेच जमिनीवर बसली. मग म्हणाली, "त्यानं तुम्हाला वाचवलं, बाबा. मी तेवढंच धरून बसलेय."

ते ऐकल्यावर सांगायचं कसं? त्यांना जगात ती एकच उरली होती. तुझा नवरा कारण नसताना मेला, ते अस्वल नुसतं बघत होतं, आणि हे तुझ्या बापाला ठाऊक होतं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? पेंढेवाले मूग गिळून बसले. ती सकाळी चहा द्यायची, ते प्यायचे. ती मास्तरची वही वाचायची. 'बकरी पाय उचलताना खांदा आधी वर नेते. बाबांनी दाखवलं,' हे तिनं त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा त्यांनी उठून नळ सोडला आणि स्वच्छ असलेलेच हात धुतले.

दोन महिन्यांनी पाचवीची सहल ठरली. मास्तर नाही तर मुलांना अस्वलाविषयी कोण सांगणार? मुलीनं शाळेला परस्पर सांगून टाकलं की बाबा सांगतील. "तो जे सांगायचा तेच सांगा," ती म्हणाली. "आणि मग त्यानं काय केलं ते सांगा. मला ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

चाळीस मुलं जिना चढून आली आणि चाळीसच्या चाळीस एक पाऊल मागे सरकली. मग हसली. त्यांची मुलगी मागे खांबाशी बाकावर बसली, ज्या खांबाआडून पेंढेवाले लोकांचं दचकणं पाहायचे त्याच खांबाशी. मास्तर दर वर्षी एका मुलाला पंज्याखाली उभं करायचा. आज वर्गातली एक पोरगी न सांगताच तिथे जाऊन उभी राहिली. तिची मान वर, दातांकडे. घाबरली होती, पण हलत नव्हती.

"आजोबा," ती म्हणाली, "हे असं उभं राहिलं की पळायचं ना?"

पेंढेवाल्यांनी त्या पोरीकडे पाहिलं. मान हलवायला काहीच लागत नव्हतं. एकदा हलवलेली होतीच.

"नाही," ते म्हणाले. "ही पाटी खोटी आहे. हे अस्वल खोटं आहे. मीच केलंय. उभं राहिलेलं अस्वल नुसतं बघत असतं. वास घेत असतं. त्याच्यापासून पळायचं नाही."

पोरगी विचार करत होती. "मग सर का पळाले?"

"त्यांना मी हेच शिकवलं होतं. या अस्वलानं. सर चुकले नाहीत. मी चुकलो. ते माझ्यासाठी पळाले, आणि पळायची गरज नव्हती."

त्यांची मुलगी उठून उभी राहिली. काठी बाकाशीच राहिली. मुलांच्या डोक्यांवरून ती त्यांच्याकडे बघत होती.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"तू सहा महिन्यांची होतीस."

"त्यानं तुम्हाला कधी विचारलं होतं? वाटेत?"

इथे खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळणार होतं? "त्यानं नाही, निवाऱ्यातल्या बाईनं विचारलं," ते म्हणाले. "दोन दिवस आधी. सगळ्यांसमोर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही म्हणालो नाही. मान हलवली."

ती तशीच उभी राहिली. तिचे ओठ मिटलेले होते आणि हात बाजूला सैल होते. पेंढेवाल्यांना वाटलं, आता ही ओरडेल, हाताशी येईल ते फेकून मारेल. तिनं मारलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिनं काठी उचलली, मुलांच्या पुढे आली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आजोबांनी सांगितलं ते ऐकलंत ना?" ती मुलांना म्हणाली. "सर सांगायचे ते विसरायचं. हे लक्षात ठेवायचं. अस्वल उभं राहिलं तर काय करायचं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"मोठ्यानं सांगा. काय करायचं?"

"पळायचं नाही," चाळीस मुलं एका सुरात म्हणाली.

"परत."

"पळायचं नाही."

तिनं ते त्यांच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. मग दोघादोघांची रांग लावली आणि काठी टेकत त्यांना जिन्यावरून खाली घेऊन गेली. दाराबाहेर गेल्यावरही मुलं ते म्हणतच होती. पेंढेवाले पाटीशी उभे राहून आवाज येईनासा होईपर्यंत ऐकत राहिले.